पाळण्यात बसलेला माणूस फिरतो का?

निपाणीजवळच्या एका खेड्यातून एका आजींचे पत्र आले आहे. पत्र मराठीत, पण मधूनमधून कन्नड शब्द इतके सहज आलेले की आपल्या सीमाभागातले घर डोळ्यांपुढे उभे राहावे. आजींचा मुलगा भोपाळला नोकरीला आहे, राहायला सोनागिरी वसाहतीत. मुलगी बेळगावात दिलेली. दोघांच्याही मुली आता दहावीत. एक हिंदी माध्यमात, दुसरी कन्नड माध्यमात. सुटीत दोघी आजीकडे आल्या, गावच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसल्या आणि उतरल्या त्या भांडतच. भोपाळची म्हणाली, ‘पाळणा गोल फिरतो, म्हणजे आपणही गोल फिरलो.’ बेळगावची म्हणाली, ‘नाही अक्का, आपण फिरलोच नाही, नुसत्या जागा बदलत गेलो.’

पत्राच्या शेवटी आजींनी खरी काळजी लिहिली आहे. बेळगावची नात म्हणते, दहावीनंतर सायन्स घेणार नाही. का? तर शब्दच कळत नाहीत. आजी लिहितात, ‘मी सातवी शिकलेली बाई. मला कळेल असे उत्तर द्या, म्हणजे मी तिला समजावीन.’

वाचकहो, आजच्या सदरात हे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आधी भांडण मिटवू, मग शब्दांकडे वळू.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गतीचा धडा सुरू होतो तो ‘स्थानांतरणीय गती’ अशा भारदस्त नावाने. नावाला घाबरायचे कारण नाही. एखादी वस्तू हलताना तिचा प्रत्येक कण तेवढ्याच वेळात, त्याच दिशेने, तेवढाच सरकत असेल, तर ती गती स्थानांतराची. कपाटाचा खण ओढला, त्याचा पुढचा कोपरा वीतभर पुढे आला, मागचा कोपराही वीतभरच आला. हे स्थानांतर. दार उघडले, कडीकडचा भाग हातभर सरकला, बिजागरीकडचा जेमतेम बोटभर. हे स्थानांतर नव्हे, हे भ्रमण. एकाच वस्तूचे दोन भाग वेगवेगळे अंतर चालले की समजावे, वस्तू वळते आहे.

ओळखायची सोपी कसोटी सांगतो. वस्तूवर खडूने एक रेघ ओढा. वस्तू हलत असताना त्या रेघेचे तोंड सतत त्याच दिशेला राहिले, तर स्थानांतर. रेघेचे तोंड वळले, तर भ्रमण. ही कसोटी स्वयंपाकघरात लावून पाहू. जाते, म्हणजे कन्नड घरातले बीसुकल्लु, घ्या. वरच्या तळीवर रेघ ओढून दळायला बसलात तर रेघ गरगर फिरते. आता पिठाची चाळण, म्हणजे जरडी, घ्या. चाळताना आपले हात चाळणीला गोल गोल नेतात, पण चाळणीची जी कड आपल्या डाव्या हातात असते ती डाव्याच हातात राहते. रेघ ओढली तर तिचे तोंड बदलत नाही. म्हणजे चाळणीची वाट गोल आहे, पण चाळण स्वतः वळत नाही.

इथेच बहुतेक मुले अडखळतात. स्थानांतराची वाट सरळच असली पाहिजे असा समज असतो. तसे काही नाही. वाट सरळ असो, वाकडी असो वा गोल असो, वस्तू स्वतः वळली नाही की स्थानांतर.

आता यात्रेत जाऊ. आकाशपाळण्याचे मोठे चाक आसाभोवती फिरते, ते भ्रमण. पण त्याला टांगलेला आपला पाळणा? वर गेला तरी आपले डोके आकाशाकडे, खाली आला तरी डोके आकाशाकडेच. पाळणा चाकासारखा वळला असता तर वरच्या टोकाला आपण उलटे लटकलो असतो! थोडेसे झुलणे सोडले तर पाळण्याची गती ही गोल वाटेवरची स्थानांतराची गती आहे. शेजारीच लाकडी घोड्यांचे चक्र असते. त्यावर बसलेल्याचे तोंड आधी देवळाकडे, मग मिठाईच्या दुकानाकडे, मग तळ्याकडे होत जाते. तिथे माणूस खरोखर वळतो. तेव्हा बेळगावच्या नातीचे म्हणणे बरोबर. भोपाळच्या नातीचेही अर्धे बरोबर, कारण वाट गोल होती हे तिने नेमके पाहिले.

गंमत म्हणजे हा फरक आपल्या शरीराला जन्मापासून कळतो. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला भ्रमणाची बातमी मिळते. त्यांच्याजवळच चुन्याचे अतिसूक्ष्म खडे बसवलेले दोन पिशवीवजा अवयव असतात. बस सुटली, लिफ्ट वर निघाली की हे खडे किंचित मागे सरकतात आणि सरळ ढकलल्याची बातमी देतात. फुगडी थांबली तरी घर फिरत राहते, कारण नळ्यांतला द्रव अजून थांबलेला नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना कूस बदलताना अचानक गरगरते, त्याचे एक नेहमीचे कारण असे की ते खडे सुटून भ्रमणाच्या नळीत शिरतात. माणूस अंथरुणावर पडलेला असतो, पण मेंदूला वाटते की आपण फिरतो आहोत. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागेवर आणता येतात. निसर्गाने दोन गतींसाठी दोन वेगळी यंत्रे दिली आहेत, मग पुस्तकाने दोन वेगळे शब्द दिले तर तक्रार कशाला?

आता दोन्ही नातींच्या गावांकडे पाहू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. या फिरण्यात बेळगाव ताशी सुमारे १,६१० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, तर उत्तरेला असलेले भोपाळ ताशी सुमारे १,५४० किलोमीटर वेगाने. म्हणजे बेळगावची नात भोपाळच्या नातीपेक्षा ताशी सुमारे ७० किलोमीटर जास्त वेगाने धावते आहे, आणि तरी दोघींतले अंतर बोटभरही बदलत नाही! एकाच पृथ्वीच्या दोन गावांचे वेग वेगळे, म्हणून हे भ्रमण. पण पृथ्वी वर्षभर सूर्याभोवती जाते तेव्हा तिचा आस ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो, अगदी चाळणीसारखा. म्हणूनच ऋतू होतात. पृथ्वीचा आस सूर्याकडे पाहत वळत गेला असता तर उन्हाळा-हिवाळा हा फेरा राहिलाच नसता. एकाच वेळी एकच वस्तू स्थानांतरही करते आणि भ्रमणही करते, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

सूर्याभोवतीचा हा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आहे. तो आपल्याला जाणवत का नाही? कारण घर, झाड, हवा, आपण सगळे बरोबरच जात आहोत. नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो हा दाखला आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ ग्रंथात दिला, तो ताऱ्यांचे उगवणे-मावळणे समजावण्यासाठी. पुढे गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण घेतले. समुद्र शांत असेल आणि जहाज एकसारख्या वेगाने सरळ जात असेल, तर खोलीतल्या माणसाला जहाज चालते आहे की उभे, हे कोणत्याही प्रयोगाने कळत नाही. वेग वाढला, कमी झाला किंवा वळण आले तरच कळते. एस. टी.त डुलकी लागते ती सरळ रस्त्यावर आणि मोडते ती ब्रेक लागल्यावर, ते याच कारणाने.

सोनागिरीच्या आसपासच या विषयाचा एक मोठा धडा आहे. ही वसाहत भोपाळच्या पूर्वेकडे, पिपलानीच्या बाजूला. त्या सगळ्या भागाची घडण झाली ती भेलच्या कारखान्यामुळे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने सरकारने ही कंपनी काढली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे तांत्रिक साहाय्य होते, आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. तिथे पाण्यावर चालणारी टर्बाइने बनतात, ट्रान्सफॉर्मर बनतात, आणि रेल्वेच्या इंजिनाला ओढणाऱ्या विजेच्या मोटारीही बनतात. या मोटारीला फक्त गरगर फिरणे ठाऊक. ते फिरणे दातेरी चाकांतून इंजिनाच्या चाकाला मिळते, चाक रुळाला मागे रेटते, रूळ चाकाला पुढे रेटतो, आणि मागचे डबे स्थानांतर करू लागतात. भ्रमण देऊन स्थानांतर घ्यायचे, हा सारा व्यवहार.

या व्यवहारात चाकाची अवस्था मोठी मजेची असते. समजा, गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली आहे. डबा १००ने जातो, पण चाकाचा सर्वांत वरचा बिंदू २००ने पुढे जात असतो आणि रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी अगदी स्थिर असतो. त्याहून नवल पुढेच आहे. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते आणि ती रुळाच्या माथ्याच्या खाली उतरलेली असते. त्या कडेचा सर्वांत खालचा भाग त्या क्षणी चक्क मागे जात असतो, ताशी सुमारे पाच किलोमीटर वेगाने. बेळगावहून मिरजेकडे भरधाव निघालेल्या गाडीचे काही कण प्रत्येक क्षणी बेळगावकडे परत निघालेले असतात!

आपल्या भागात हा व्यवहार कुणी लवकर ओळखला असेल तर तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. जन्म १८६९, मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरचा. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. सायकल म्हणजे तरी काय, पायांचे फिरणे घेऊन माणसाला पुढे नेणारे यंत्र. पुढे त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले, त्यात फिरणारे चाक. १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर आणला. नांगराचे काम मात्र उलटे. त्याने मुळीच वळता कामा नये. बैलांची ओढ आणि मातीचा विरोध एका रेषेत असले तर फाळ सारख्या खोलीवर सरकत जातो. रेषा चुकली की नांगर नाक वर काढतो किंवा मातीत रुततो, आणि मग मुठीवर जोर देऊन देऊन शेतकऱ्याचे मनगट जाते. शेतकऱ्यांनी हा नांगर सुरुवातीला घेतलाच नाही, लोखंडाने जमिनीला विष चढते असा समज होता. नांगर टिकला, समज गेला. १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कानडी मुलखात जन्मलेल्या या मराठी माणसाने लोखंडाकडून दोन्ही गतींची कामे करून घेतली.

नांगराच्या या गोष्टीत एक मोठा नियम दडला आहे. रेटा कुठे बसतो यावर वस्तू सरकणार की वळणार हे ठरते. काडेपेटी टेबलावर उभी करा. बोटाने तळाशी ढकला, ती सरकते. वरच्या टोकाला ढकला, ती कलंडते. तळाला टेबलाचे घर्षण मागे ओढते आणि माथ्याला बोट पुढे ढकलते, मग बिचारी दुसरे काय करणार? जड कपाट सरकवताना जाणती माणसे कमरेखाली हात लावतात ते याचसाठी.

आता जरा गंभीर होतो, कारण या नियमाशी आपल्या भागातल्या माणसांचा जीव बांधलेला आहे. बसमध्ये उभ्या माणसाचे पाय आणि डोके सारख्याच वेगाने चाललेले असतात. ब्रेक लागतो तेव्हा पायांना बसची जमीन थांबवते, डोक्याला कुणी थांबवत नाही. स्थानांतर मोडते आणि त्याचे भ्रमण होते. साध्या भाषेत, माणूस तोंडावर आपटतो. वरचा दांडा धरला की वरच्या अंगालाही थांबवणारे कुणीतरी मिळते. चालत्या बसमधून उडी घेणाऱ्याचेही तेच. पाय रस्त्याला टेकून थांबतात, धड बसच्या वेगानेच पुढे जाते.

उसाच्या ट्रॉलीचे गणित याच जातीचे. हंगामात माथ्यापर्यंत ऊस रचलेल्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवरून जातात. वळणावर ट्रॉलीला वळवणारा रेटा मिळतो तो खाली, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये. वजन मात्र वर, आणि त्या वजनाला सरळच जायचे असते. खाली एक ओढ, वर दुसरी. काडेपेटीचे जे झाले तेच ट्रॉलीचे होते. रास जितकी उंच आणि वळणावरचा वेग जितका जास्त, तितकी ती बाहेरच्या बाजूला कलंडायला उत्सुक. शेजारून मोटारसायकलवर जाणाऱ्याने वळणावर तिच्या बाहेरच्या अंगाला कधीही असू नये.

आणि थांबण्याचे गणित तर घरातल्या प्रत्येक गाडीवाल्या मुलाने पाठ करावे. समजा, ब्रेकमुळे दर सेकंदाला सेकंदी ५ मीटर इतका वेग कमी होतो. ताशी ३० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे ७ मीटरमध्ये थांबते. ताशी ६०ला किती? मुले म्हणतात १४. उत्तर आहे २८. वेग दुप्पट झाला म्हणून थांबायला वेळही दुप्पट लागतो आणि त्या वेळातली सरासरी धावही दुप्पट, म्हणून अंतर चौपट. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात आणखी १७ मीटर. एकूण ४५ मीटर. अंधारात दिवा किंवा चमकपट्टी नसलेली ट्रॉली उभी असेल तर ती ४५ मीटर आधी दिसायला हवी. ती दिसत नाही, हेच तर दुखणे आहे. ट्रॉलीच्या मालकाला एक लाल चमकपट्टी फारशी महाग पडत नाही.

आता आजींच्या खऱ्या काळजीकडे येतो. नातीला शब्द कळत नाहीत. आजी, एकदा तिन्ही भाषांतले शब्द शेजारी मांडून पाहा. मराठीत आणि हिंदीत गती, कन्नडमध्ये चलने. मराठीत अंतर, हिंदीत दूरी, कन्नडमध्ये दूर. मराठी-हिंदीत विस्थापन, कन्नडमध्ये स्थानपल्लट. ‘पल्लट’ ऐकून आपला ‘पालट’ आठवतो की नाही? स्थानपल्लट म्हणजे जागेचा पालट. मला तर हा शब्द विस्थापनापेक्षा बोलका वाटतो. तुम्ही विहिरीवर जाऊन घागर घेऊन घरी परत आलात तर पायांनी अंतर पुष्कळ तोडले, पण जागेचा पालट शून्य. घाण्याचा, म्हणजे गाणाचा, बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी त्याचेही विस्थापन शून्यच.

नुसते किती जोरात, हे सांगायला मराठी-हिंदीत चाल, कन्नडमध्ये जव. मराठी घरात जव म्हणजे सातू आणि चाल म्हणजे गाण्याची, म्हणून घोटाळा होणारच. पण किती जोरात आणि कोणत्या दिशेने, हे दोन्ही सांगायचे असेल तर तिन्ही भाषांत एकच शब्द, वेग. तो वेग बदलण्याचा दर म्हणजे मराठी-हिंदीत त्वरण, कन्नडमध्ये वेगोत्कर्ष, वेगाचा उत्कर्ष. जडत्व, बल, संवेग हे शब्द तर दोन्ही पुस्तकांत जसेच्या तसे आहेत. दोन भाषांच्या घरातल्या मुलीला हे ओझे वाटते, पण एक शब्द अडला तर दुसऱ्या भाषेतला हात द्यायला तयार आहे, ही सोय एका भाषेच्या मुलांना कुठे?

दहावीनंतर विज्ञान शाखेत बहुतेक ठिकाणी इंग्रजीच समोर येते, मग ती निपाणी असो की कोल्हापूर. तिथे हाच धडा ‘ट्रान्सलेशनल मोशन’ या नावाने भेटेल. तेव्हा नातीला सांगा, की ट्रान्सलेशन म्हणजे भाषांतर, हे तुला ठाऊकच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पलीकडे नेणे. अर्थ एका भाषेतून दुसरीत नेला की भाषांतर, वस्तू न वळता एका जागेहून दुसरीकडे नेली की स्थानांतर. आपल्या घरात हे काम रोज चालते. चुलीपुढे कन्नडमध्ये सुरू झालेले वाक्य अंगणात मराठीत संपते आणि अर्थ इकडचा तिकडे होत नाही. ज्या मुलीला हे जमते तिला पदार्थविज्ञान जड जाऊ नये. आधी चाळण हातात द्या, मग पुस्तक उघडायला सांगा. सायन्स घ्यायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे, पण शब्दांच्या भीतीने सोडू नये.

शेवटी दोन्ही नातींना आणि सर्व वाचकांच्या मुलांना एक प्रश्न. सायकल चालवताना पायडलचा दांडा गोल फिरतो हे दिसतेच. पण आपला तळवा ज्यावर टेकलेला असतो ते पायडल स्वतः वळते का? सायकल स्टँडवर लावा, पायडलवर खडूची एक रेघ ओढा आणि एक चक्कर सावकाश मारून पाहा. उत्तर मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, हिंदीतही चालेल. का, ते मात्र लिहायला विसरू नका.